उपड्या ताटल्या

अर्डिसने चिमट्याने चिकनचा शेवटचा तुकडा परतला आणि चरबी तडतडली तशी ती एक पाऊल मागे सरली. तुकडा काढून घेतल्यावर तिने गॅस बंद केला, वाकून ज्योत खरंच विझली आहे ना ते पाहिलं, आणि दाराशी जाऊन पुन्हा परत येऊन पाहिलं. हल्ली ती असं करायची. मार्चमध्ये दुधाचं भांडं शेगडीवर राहून करपलं होतं, स्वयंपाकघर धुराने भरलं होतं, आणि संध्याकाळच्या आत ती बातमी डे मॉइन शहरात मुलाच्या घरी जाऊन पोचली होती.

तेव्हापासून लोवेल आणि त्याची बायको शेरिल तिच्याशी फोनवर जरा सावकाश, जरा मोठ्याने बोलत. तिचे कान चांगले होते. तळ्याकाठी म्हाताऱ्यांसाठी घरं बांधली होती, तिथे शेरिलने नाव घालून ठेवलं होतं. "नुसतं घालून ठेवते, मॉम, घाई कसलीच नाही." मग तिथली एक खोली रिकामी झाली आणि घाई सुरू झाली. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. अर्डिसने वाद घातला नाही. ती फोनवर शेरिलला एवढंच म्हणाली, "रविवारी सगळे डिनरला या. मग बोलू."

बोलण्यासारखं तिच्याकडे फारसं काही नव्हतं. जे सांगायचं ते ती टेबलावर मांडणार होती. चरबीत तळलेलं चिकन, कुस्करलेले बटाटे, त्यांवर ओतायची ग्रेव्ही, बेकन घालून शिजवलेला घेवडा, बीटाचं लोणचं, पहाटे उठून मळलेले पाव आणि अंगणातल्या झाडाच्या आंबट चेरीची पाई. हे सगळं एका हाताने, एका सकाळी, गरमागरम टेबलावर आणणाऱ्या बाईला कोण म्हणेल की हिला आता एकटं ठेवायला नको?

ताटल्या तिने सासूच्या रीतीने उपड्या मांडल्या होत्या. इकडे तसंच मांडत. शेतातली धूळ खिडकीतून येई, माशा येत, म्हणून प्रार्थना होईपर्यंत ताटली पालथी ठेवायची. 'आमेन' झालं की सगळे एकदम ताटल्या उलट्या करत आणि तो खडखडाट ऐकूनच भूक दुप्पट होई. टेबलाच्या टोकाला, गेलेल्या नवऱ्याच्या, मर्विनच्या जागी, तिने लोवेलची ताटली ठेवली.

गावात बाराचा भोंगा झाला. तिने एप्रन सोडला, केसांवरून ओला हात फिरवला, ग्रेव्ही भांड्यात ओतली आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

रस्ता मक्याच्या मधून सरळ गेला होता. गाडी यायची असली की आधी धूळ दिसायची. धूळ दिसली नाही.

मर्विन होता तेव्हा हा भोंगा संपायच्या आत मागच्या दाराशी पंपाचा दांडा करकरायचा. मर्विन, त्याचा भाऊ ऑरविल, गडी नील्स, आणि गवत कापायच्या दिवसांत शेजारपाजारचे आणखी कितीतरी. कोपरापर्यंत हात धुऊन, ओल्या केसांनी ते आत येत. कपाळाचा वरचा भाग टोपीमुळे गोरा, खालचा विटेसारखा लाल. जेवताना कोणी बोलत नसे. काटे वाजत, पाव मोडला जाई, आणि अर्डिस भांडी घेऊन पाठीमागून फिरत राही. तिला बसायला मिळे ते पाईच्या वेळी. दुपारचं ते जेवण म्हणजे दिवसाचा कणा होता. त्याच्या अलीकडे भूक आणि पलीकडे झोप.

तिने ग्रेव्हीवर झाकण ठेवलं. रस्त्यात थांबले असतील. चर्च उशिरा सुटलं असेल. ते आता चर्चला जातात का, हे तिला नक्की माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने तिने रेडिओ लावला. प्रवचन चालू होतं. म्हणजे आज रविवारच होता. तिने रेडिओ बंद केला. भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ जाऊन तिने आजच्या तारखेवर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून ती उभी राहिली. हाच रविवार ना? की पुढचा? शेरिलने "येतो" म्हटलं होतं, की "बघतो"?

फोन समोर भिंतीवर होता. रिसीव्हर उचलून नंबर फिरवायचा आणि विचारायचं, तुम्ही निघालात का? एवढंच. पण तिने तो उचलला नाही. आज यायचं होतं का, असं आपल्याच मुलाला विचारणारी म्हातारी कशी दिसते हे तिला ठाऊक होतं. बहीण अल्मा शेवटी शेवटी असेच फोन करायची. तेच तेच विचारायची. सगळे गोड बोलायचे आणि फोन ठेवल्यावर एकमेकांकडे बघायचे. अर्डिसनेही बघितलं होतं.

ती टेबलाशी बसली, आपल्या नेहमीच्या, स्वयंपाकघराकडच्या खुर्चीवर. दुपार पुढे सरकली. ग्रेव्हीवर साय धरली, बटाट्यांना तडे गेले, चिकनचं कुरकुरीत आवरण मऊ पडत चालली. पडदा हलत नव्हता. आणि त्या निवांतपणात तिला वाटलं की टेबल रिकामं नाही. कोणी दिसलं नाही, आवाजही झाला नाही. पण जेवणाची वेळ झाली की या खोलीत जो एक दाब असायचा, घामाचा, ओल्या केसांचा, वाट बघणाऱ्या माणसांचा, तो भरून आला होता. जिवंत माणसं आली नव्हती. भोंगा ऐकून दुसरे आले होते, आणि ती ताटल्या सुलट करायला सांगेल म्हणून डोकी खाली घालून थांबले होते.

"थांबा जरा," ती पुटपुटली. "लोवेल यायचाय."

मग स्वतःचाच आवाज ऐकून तिने तोंडावर हात ठेवला.

तिचा डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा ऊन टेबलाच्या दुसऱ्या कडेला गेलं होतं. टोकाची, मर्विनच्या जागची ताटली सुलट होती. बाकीच्या तीन पालथ्याच. अर्डिस तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. ती उठली होती का? झोपेत हात लावला होता का? तिला काहीच आठवेना, आणि ताटलीपेक्षा त्या न आठवण्याचीच तिला जास्त भीती वाटली. तिने ती उचलून पालथी घातली. काच गार असायला हवी होती. ती उबदार लागली. ऊन तिच्यावर पडलं असेल.

फोन वाजला तशी ती दचकली.

"काय गं, गेली का पलटण जेवून?" लिओना होती. पूर्वी पलीकडच्या शेतावर राहायची, आता गावातल्या फ्लॅटमध्ये एकटी असते. "की अजून भांडी घासतेयस? सूनबाईंनी घासली असतील तर मला सांग, वर्तमानपत्रात देते."

"आले नाहीत."

"आले नाहीत म्हणजे?"

"म्हणजे आले नाहीत, लिओना. मी बारापासून बसलेय." अर्डिसने कॅलेंडरकडे पाहिलं. "आजच ना गं? मी तुला काय सांगितलं होतं? आजच ना?"

"आजचंच सांगितलंस. चार वेळा सांगितलंस. माझे कान किटले." लिओनाने विचारलं, "तू त्यांना काय म्हणालीस, नेमकं?"

"रविवारी डिनरला या म्हणाले."

पलीकडून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग लिओना हसायलाच लागली.

"अगं वेडे! कोणाशी बोललीस, शेरिलशी ना? ती शहरातली. तिचं डिनर अंधार पडल्यावर असतं! दुपारी ती मंडळी लंच करतात. लंच म्हणजे काय, तर गाडी चालवता चालवता सँडविच. माझ्या नातवाने मला डिनरला नेतो म्हणून सांगितलं, मी बाराला कोट घालून दारात उभी. लेकाचा सहाला उगवला. तोवर मी कोट घालूनच दोनदा बाथरूमला जाऊन आले."

अर्डिसने भिंतीला पाठ टेकली.

"डिनर," ती म्हणाली.

"आपलं डिनर दुपारी, रात्री सपर. आता हे म्हणणारे आपण किती उरलो? माझा म्हातारा जिमी गेल्यापासून माझ्याशी तर सपर हा शब्दच कोणी बोललेलं नाही."

"म्हणजे माझं डोकं—"

"डोकं जागेवर आहे बाई. होतं तेवढंच आहे. येतील संध्याकाळी."

फोन ठेवल्यावर अर्डिस हसली. हसता हसता तिने डोळे पुसले. चिकन पुन्हा गरम करावं का, असा विचार करून तिने ते तसंच ठेवलं. दुसऱ्यांदा तळलेलं चिकन चामडं होतं. शिवाय त्यांनी बघायला हवं होतं की सगळं वेळेवर तयार होतं, बाराच्या ठोक्याला. शेरिलला ते समजायचं नाही, पण लोवेलला समजेल. लोवेल याच टेबलाशी वाढला होता. उन्हाळ्यात बाराचा भोंगा झाला की ट्रॅक्टरवरून उडी मारून तो सगळ्यांच्या पुढे पळत यायचा. तो नुसता टेबलाकडे बघेल, कपाळावर हात मारेल आणि बायकोला सांगेल, आपलंच चुकलं. तिने सगळ्यावर स्वच्छ पंचा पसरला आणि ती केस विंचरायला गेली.

धूळ दिसली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं.

शेरिल पुढे होती. तिच्या हातात प्लास्टिकच्या घुमटाखाली दुकानातलं भाजलेलं अख्खं चिकन होतं, त्यावर सॅलडचा डबा. मागून नात टेसा हातात बाटली घेऊन आली. बाटलीत हिरवट काहीतरी होतं आणि तिचं जेवण तेच होतं. तिला गहू चालत नसे, दूध चालत नसे. सगळ्यांत शेवटी लोवेल.

"मॉम, तुम्ही काही करत बसला नाहीत ना?" शेरिलने गालाला गाल लावला. "मी सगळं आणलंय. फक्त बसायचं आणि खायचं." तिने जागा करायला पंचा उचलला आणि तिचा हात तसाच राहिला.

दुकानातलं चिकन प्लास्टिकमध्ये घाम आल्यासारखं वाफाळत होतं. त्याच्या शेजारी अर्डिसचं चिकन गार, मऊ पडलेलं. चरबी ताटलीच्या कडेला पांढरी थिजली होती.

"हे कधी केलंत?" शेरिलने हळूच विचारलं.

"बाराला तयार होतं," अर्डिस म्हणाली. ती हसत होती. "गंमत झाली बघ. मी म्हणाले डिनर, तू समजलीस रात्रीचं. आमच्याकडे डिनर दुपारचं. लिओनाला विचार, ती तर हसून हसून—"

"मॉम." शेरिलने पंचाची घडी घातली, पुन्हा घातली. "डिनर संध्याकाळीच असतं ना."

"तुमच्याकडे. इथे दुपारी."

"पण असं कोण म्हणतं आता?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आणि दुपारपासून तुम्ही अशाच बसून होतात? फोन नाही केलात? आणि या प्लेट्स अशा पालथ्या का?"

"कूल आहेत," टेसा म्हणाली. तिने एक उचलून खाली डोकावून बघितलं.

"लोवेलला विचार," अर्डिस म्हणाली. "लोवेल, सांग तिला."

लोवेल सिंकपाशी होता. आल्या आल्या तो तिकडेच गेला होता. बाह्या वर सारून कोपरापर्यंत साबण लावून तो हात धूत होता, पुन्हा पुन्हा.

"हा तर सकाळपासून बूट चढवून बसला होता," शेरिल म्हणाली. "मला म्हणतो निघू या. मी म्हटलं, अरे डिनरला बोलावलंय, आत्तापासून जाऊन काय करायचं? तर गप्प बसला. टीव्ही लावला." ती नवऱ्याकडे वळली. "लोवेल? तुमच्याकडे दुपारी म्हणायचे डिनर?"

नळ चालू होता. अर्डिसला त्याची पाठ दिसत होती. मर्विनसारखीच, डाव्या खांद्यात किंचित उतरलेली. ती मान कधी वळते याची ती वाट पाहत राहिली.

"आठवत नाही गं," लोवेल म्हणाला. "खूप वर्षं झाली."

त्याने नळ बंद केला.

अर्डिसच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. पाहुणे निघून गेल्यावर दिवा राहतो तसं ते थोडा वेळ राहिलं. तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. लोवेल पंचाने हात पुसत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. मार्चपासून तो अधूनमधून शनिवारी येत होता, छपराच्या पन्हळी साफ करत होता, फुटलेले पाइप बदलत होता, आणि रात्री फोन वाजला की त्याचं काय होत असेल याचा तिने कधी विचार केला नव्हता. तो आता केला.

"असेल," ती म्हणाली. "माझाच घोळ झाला असेल."

शेरिलने पुढे येऊन तिचा हात धरला. तिचे डोळे खरोखरच ओले झाले होते. "कोणाचंही होतं असं, मॉम. म्हणूनच तर. तिथे तीन वेळा गरम जेवण मिळतं, माणसं असतात भोवती. मी उद्या सकाळी त्यांना कळवते. चालेल ना?"

"कळव."

"बसा तुम्ही. आज मी वाढते."

तेव्हा अर्डिस पहिल्यांदाच त्या टेबलाशी सगळ्यांच्या आधी बसली. कोणी प्रार्थना म्हटली नाही. टेसाने आपली ताटली सुलट केली, मग आजीची, आणि बाटलीचं झाकण उघडलं. शेरिलने दुकानातलं चिकन कापलं; ते इतकं मऊ होतं की सुरी टेकताच हाडापासून सुटत होतं. लोवेल टोकाच्या खुर्चीशी घुटमळला, मग बसला. समोरची ताटली त्याने उलटली. शेरिलने वाढलेलं छातीचं मांस बाजूला सारून त्याने आईच्या चिकनमधली एक तंगडी हातातच घेतली. चरबीचा पांढरा थर तसाच असताना तो खाऊ लागला. आधी दुसऱ्यांचा मान राखायला खावं तसं, मग भरभर, मान खाली घालून. पाव मोडून त्याने थिजलेल्या ग्रेव्हीत फिरवला. बीटाचा लाल रस मनगटापर्यंत ओघळला. खोलीत त्याच्या चघळण्याखेरीज आवाज नव्हता आणि अर्डिसला पुन्हा तो दाब जाणवला, दुपारचा. भिंतीच्या कडेने उभे असल्यासारखे ते सगळे त्याचं जेवण बघत होते.

"बाबा, श्वास घे," टेसा हसून म्हणाली. "तुला मी असं खाताना कधीच बघितलं नाही. घरी तर तू अर्धं टाकतोस."

"भूक लागलीय."

"लहानपणी रोज असंच असायचं? एवढं सगळं?"

"रोज."

"मग रात्री काय? परत एवढंच?"

"रात्री कोण शिजवतंय?" लोवेल तोंडातला घास गालात सारून म्हणाला. "मा थकलेली असायची. डिनरचं उरलेलं असायचं ना. गारच. तेच दूध-पावाबरोबर खायचो."

त्याने तंगडी पुन्हा तोंडाकडे नेली आणि ती मध्येच राहिली.

टेसा बापाकडे बघत होती. सॅलड वाढता वाढता शेरिलचा चमचा डब्यावर थांबला, आणि तिच्या कपाळावर एक बारीक आठी हळूहळू उमटू लागली. बाहेर मक्यातून वारा गेला. लोवेलने तंगडी खाली ठेवली नाही, वर नेली नाही. त्याचे डोळे ताटलीवर होते आणि कानांच्या पाळ्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या.

अर्डिसने हात लांब करून चिकनची ताटली टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

"घे अजून," ती म्हणाली. "तुला गारच जास्त आवडायचं."